दवाखान्याच्या दारापर्यंत

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत आरोग्य समितीतर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरती झाल्यावर आणि प्रसाद वाटण्याआधी भाषण ठेवायचं, ही आपल्या मंडळाची जुनी युक्ती आहे. श्रोते जागचे हलत नाहीत. तेव्हा मोदक थंड होण्याच्या आत संपवण्याचा प्रयत्न करू. हे भाषण आरोग्य समितीतल्या आम्ही पाच जणांनी मिळून तयार केलं आहे. आमच्यात एक निवृत्त सिस्टर आहेत, एक बालरोगतज्ज्ञ आहेत, एकांचं औषधांचं दुकान आहे, एक बँकेतून निवृत्त झालेत आणि एक शाळेत शिकवतात. आवाज एकाचा असला तरी म्हणणं पाचांचं आहे आणि ज्या मुद्द्यांवर आमचं आपसात जमलं नाही, तेही सांगणार आहोत.

विषय आहे गरीब वस्त्यांचं आरोग्य आणि त्यात आपण करू शकतो ती मदत. पण सुरुवात सुरतेच्या एका जुन्या आठवणीने करावी लागेल. या सभागृहातल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला ती आहे. १९९४ सालचा सप्टेंबर महिना.

त्या वर्षी पावसाने कहर केला होता. सप्टेंबरच्या सुरुवातीला तापीचं पाणी सखल वस्त्यांत शिरलं, ओसरलं आणि मागे चिखल, कचरा, मेलेली जनावरं ठेवून गेलं. तिकडे महाराष्ट्रात बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण सापडल्याच्या बातम्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच येत होत्या. पण बीड कुठे, सुरत कुठे! आपण गणपतीत गुंतलो होतो. अनंत चतुर्दशीचं विसर्जन होऊन एक-दोन दिवस झाले असतील. नवी सिव्हिलमध्ये तापाचे, खोकल्याचे, थुंकीतून रक्त पडणारे रुग्ण येऊ लागले. बरेचसे वेड रोडच्या बाजूचे. बरेचसे तरुण, कामावर जाणारे, धट्टेकट्टे पुरुष. काही जण आल्यानंतर काही तासांतच गेले. हा फुफ्फुसाचा प्लेग असावा, अशी शंका डॉक्टरांना आली आणि ती बातमी रात्रीतून शहरभर पसरली.

पुढचं आपण पाहिलं आहे. तोंडाला रुमाल बांधलेली माणसं, स्टेशनवर आणि बस डेपोवर पाय ठेवायला जागा नाही, ट्रकच्या टपावर बसून निघालेली कुटुंबं. दोन-चार दिवसांत लाखो माणसं शहर सोडून गेली. ज्यांची गाडी होती ते गाडीने गेले, ज्यांची नव्हती ते भुसावळच्या गाडीला लोंबकळत गेले. टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल दुकानांतून दिसेनाशा झाल्या. आमच्यातल्या औषध दुकानदार काकांना विचारा, ते अजून सांगतात, लोक डबीतली संख्या न मोजता डबीच मागत होते. आणि ज्या घटकेला डॉक्टर सगळ्यांत जास्त हवे होते, त्या घटकेला शहरातले बहुतेक खाजगी दवाखाने बंद झाले. काही डॉक्टर मंडळी थांबली, त्यांना मनापासून नमस्कार. पण दवाखान्यांच्या कुलपांची आठवण या शहराला आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही.

मग थांबलं कोण? नवी सिव्हिलचे डॉक्टर थांबले. त्यातले पुष्कळसे शिकाऊ, निवासी डॉक्टर होते, पंचविशीतली पोरं-पोरी. सिस्टर थांबल्या, वॉर्डबॉय थांबले. महापालिकेचे सफाई कामगार थांबले आणि त्यांनी ढीगच्या ढीग कचरा उचलला. रुग्णालयातून रुग्ण घाबरून पळून जात होते, म्हणून बाहेर शीघ्र कृती दलाचे जवान उभे करावे लागले. डॉक्टर आतमध्ये रुग्ण वाचवताहेत आणि रुग्ण खिडकीतून पळताहेत, कारण आत गेलेला माणूस परत येत नाही अशी बाहेर समजूत. त्या पळणाऱ्यांना आपण तेव्हा अडाणी म्हटलं. आज आम्हाला वाटतं, त्यांना त्यांच्या भाषेत, शेजारी बसून, शांतपणे सांगणारं कोणी नव्हतं.

शेवटी देशभर मिळून मृत्यू पन्नाशीच्या थोडे पुढे गेले. जगभर उडालेल्या घबराटीच्या मानाने हा आकडा लहान आहे. विमानं रद्द झाली, व्यापार थांबला, सुरतेहून आलेल्या माणसाला पाहुण्यांनी दारात उभं केलं नाही. हा प्लेगच होता का, यावर तज्ज्ञांत पुढे बरीच वर्षं वाद चालला. नंतरच्या जनुकीय तपासण्यांनी तो प्लेगच होता असं दाखवलं. तो वाद आपण बाजूला ठेवू. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. फुफ्फुसाच्या प्लेगवर औषध होतं. टेट्रासायक्लिनसारखं साधं, स्वस्त औषध. लक्षणं दिसल्यापासून पहिल्या दिवसाच्या आत उपचार सुरू झाले तर माणूस वाचतो, त्यानंतर वाचणं अवघड होतं. म्हणजे जीव आणि मृत्यू यांच्यात जे अंतर होतं ते औषधाचं नव्हतंच, ते खोलीपासून सिव्हिलच्या दारापर्यंतचं होतं. त्या अंतरात कोणाची पाळी बुडत होती, कोणाकडे रिक्षाचे पैसे नव्हते, कोणी दोन दिवस गल्लीतल्या डॉक्टरकडून सुई टोचून घेत बसला होता.

सुरतेच्याच सेंटर फॉर सोशल स्टडीजमधले अभ्यासक घनश्याम शाह यांनी या साथीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आहे. शहर कसं वाढलं आणि वाढताना कोणाला पाणी-गटार मिळालं आणि कोणाला नाही, याचा त्यात हिशोब आहे. १९९१ मध्ये सुरतेची लोकसंख्या पंधरा लाखांच्या आसपास होती. २०११ पर्यंत ती ४४ लाखांच्या वर गेली. ही वाढ कोणाच्या जोरावर झाली? लूम्सवर, डाईंग मिलमध्ये, बांधकामावर उभ्या राहिलेल्या माणसांच्या. त्यात आपली खानदेशी माणसं किती आहेत हे लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा भागात एक चक्कर मारली तरी कळतं. तिथे भाजीवालीशी अहिराणीत बोललात तर दोन रुपये कमी होतात, हा आमचा स्वानुभव आहे.

प्लेगनंतर शहर बदललं. मे १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांच्याविषयी या शहरात इतकं बोललं गेलं आहे की आम्ही नवीन काय सांगणार. पण एक गोष्ट आमच्या विषयाची आहे. त्यांनी शहराचे सहा झोन केले, प्रत्येक झोनला अधिकार असलेला अधिकारी दिला आणि सगळ्या अधिकाऱ्यांना रोज सकाळी रस्त्यावर उतरवलं. ‘एसी ते डीसी’, म्हणजे एअर कंडिशनरमधून उठून डेली चोअर्सकडे, रोजच्या कामाकडे, असं ते त्याला म्हणत. रात्रीची झाडलोट, हॉटेलांना दंड, झोपडवस्तीत फरसबंदी आणि शौचालयं, रुग्णालयांकडून आजारांची रोजची माहिती. यातलं एकही काम वीरश्रीचं नाही. दोन वर्षांच्या आत इन्टॅकच्या पाहणीत सुरत देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं स्वच्छ शहर ठरलं, चंदीगडच्या मागोमाग. आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरबरोबर संयुक्त पहिला क्रमांक. ज्या शहराच्या नावाने लोक नाक दाबत होते, त्या शहराने हे केलं, आणि ते रोज थोडं थोडं करून केलं.

आता आम्ही मुद्द्यावर येतो. हे ‘रोज थोडं थोडं’ आपल्या मंडळाच्या मदतीत कसं आणता येईल?

आपण दरवर्षी गणेशोत्सवात आरोग्य शिबिर घेतो. रक्तदाब, साखर, डोळे तपासतो. साखर तपासून बाहेर आलेला माणूस समोरच मोदकाच्या रांगेत उभा राहतो, ही गंमत आपण सगळे दरवर्षी बघतो आणि हसतो. शिबिर वाईट नाही. ज्याला आपल्याला मधुमेह आहे हे माहीतच नाही, त्याला ते कळतं, ही लहान गोष्ट नव्हे. पण शिबिरात आजार सापडतो, बरा होत नाही. बरा होण्याची गोष्ट पुढच्या मंगळवारी सुरू होते, जेव्हा मांडव उतरलेला असतो आणि त्या माणसाच्या हातात फक्त एक चिठ्ठी असते : ‘मोठ्या दवाखान्यात दाखवा’.

मोठा दवाखाना सुरतेत आहे. नवी सिव्हिल आहे, महापालिकेचं स्मीमेर आहे, वॉर्डावॉर्डात महापालिकेची आरोग्य केंद्रं आहेत. केसपेपरला नावापुरते पैसे लागतात, पुष्कळ औषधं फुकट मिळतात. मग माणूस अडतो कुठे? गेली काही वर्षं आम्ही पाच जण आठवड्यातून एक सकाळ एका सरकारी रुग्णालयात ओळखीच्या रुग्णांबरोबर जातो. आपल्यातल्या पुष्कळांनी सरकारी ओपीडी वर्षानुवर्षं पाहिलेली नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

समजा लिंबायतमधली एक बाई आहे. घरवाला मिलमध्ये बारा तासांच्या पाळीला. तिला महिनाभर खोकला. ती सकाळी आठला निघते, केसपेपरच्या रांगेत उभी राहते. नंबर लागतो तेव्हा साडेदहा. डॉक्टर तपासतात, एक्स-रे सांगतात. एक्स-रेची खिडकी दुसऱ्या इमारतीत. तिथे पोचते तर सांगतात, यावर शिक्का नाही. शिक्का घेऊन येते तोवर जेवणाची वेळ. थुंकीचा नमुना सकाळचा हवा, म्हणजे उद्या परत या. उद्या म्हणजे दुसऱ्या घरच्या धुण्याभांड्याचा खाडा. या सगळ्यात तिच्याशी कोणी वाईट वागलेलं नसतं. तो डॉक्टर सकाळपासून शंभर माणसं बघून दमलेला असतो आणि गुजरातीत, भराभर बोलतो. आपल्याला गुजराती येतं; आपण इथेच शिकलो. तिला कामापुरतं येतं, पण ‘बे महिना सुधी दवा बंध न करवी’ आणि ‘बे महिना पछी दवा बंध’ यातला फरक घाईत निसटतो. आणि ती काय सांगते? ‘मनं डोकं दुखी ऱ्हायनं’. डोकं कळतं, पुढचं डॉक्टरांना अंदाजाने घ्यावं लागतं.

ती दुसऱ्या दिवशी येत नाही. कागदावर तिचं नाव ‘अनुपस्थित’ म्हणून राहतं. आणि आपण म्हणतो, या लोकांना आरोग्याची जाणीवच नाही.

क्षयाचं उदाहरण घेतलं ते मुद्दाम. साध्या क्षयाचे उपचार सहा महिने चालतात. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, माणसाला वाटतं बरं झालं. नेमकी तेव्हा आखाजी येते. खानदेशी माणूस आखाजीला गावी जाणार नाही, हे शक्य नाही. ते आपल्याकडे दिवाळीला घरी न जाण्यासारखं आहे. गावी गेला की पंधरा दिवस गोळ्या बंद, मग लग्नं, मग पेरणी. परत येतो तो खोकत, आणि या वेळी जंतू औषधाला दाद देत नाहीत. हे टाळण्याची सोय सरकारी यंत्रणेत आहे. नि-क्षय नावाच्या नोंदणीत रुग्णाचा क्रमांक असतो, तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वर्ग करता येतो, शिरपूरच्या केंद्रात त्याला गोळ्या मिळू शकतात. पोषणासाठी महिन्याला मिळणारी रक्कम २०१८ मध्ये पाचशे होती, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाली आहे, तीही मिळते. फक्त जाण्याआधी कोणीतरी ‘गावी चाललास का?’ असं विचारायला हवं आणि केंद्रावर तसं सांगायला हवं. एका प्रश्नाचं काम आहे. आमच्या सिस्टरबाईंच्या डायरीत आखाजीच्या पंधरा दिवस आधी लाल पेनाने खूण केलेली असते, ती त्यासाठी.

दुसरी गोष्ट सिकल सेलची. हा रक्ताचा आनुवंशिक आजार तापी खोऱ्यातल्या आणि सातपुड्यातल्या आदिवासी समाजांत बराच आढळतो. नंदुरबार, नवापूरपासून इकडे व्यारा, सोनगड, मांडवीपर्यंत. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, सांधे आणि हाडं असह्य दुखतात, रक्त कमी होतं. ज्याच्याकडे हा दोष एकाच बाजूने आला आहे तो ‘वाहक’. त्याला बहुधा काही त्रास नसतो. पण दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता चारात एक. गुजरातने २००६ पासून या भागात तपासणीचा कार्यक्रम चालवला. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तिचं उद्दिष्ट २०४७ पर्यंत हा आजार हटवण्याचं आहे. तपासणी सोपी, हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्यांनी त्रास कमी होतो. पण ‘वाहक’ असं कार्ड हातात पडलं की मुलीचं लग्न मोडेल या भीतीने आई ते कार्ड डब्याच्या तळाशी ठेवते. हे आम्ही पाहिलं आहे. कार्ड देणं सोपं असतं. त्या आईजवळ बसून, वाहक म्हणजे आजारी नव्हे, फक्त जोडीदाराचीही तपासणी करून घ्यायची, हे दहा वेळा सांगायला माणूस लागतो.

इथे नवापूर स्टेशनचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. तापी व्हॅली लाइनने आपण सगळे गेलो आहोत. त्या स्टेशनचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे. फलाटावर एक बाक आहे, त्यावर मध्ये सीमारेषा. मुलं या टोकाला आणि त्या टोकाला बसून फोटो काढतात. गंमत आहे. पण आजारी माणसाची फाइल त्या बाकावरून पलीकडे जाता जाता अडकते. महाराष्ट्राचं महात्मा फुले योजनेचं कार्ड घेऊन माणूस सुरतेच्या रुग्णालयात उभा राहतो, तर ती योजना तिकडची. रेशनकार्डावर नाव साक्रीच्या गावी, आधारवर पत्ता उधन्याचा, बायकोचं नाव माहेरचं. आयुष्मान कार्ड असेल तर ते देशभर चालतं, पण ते काढायला जो मेळ बसायला हवा तोच बसत नाही. आमच्या बँकवाल्या काकांचं खरं कौशल्य इथे कामी येतं. चाळीस वर्षं लोकांना ‘सही जुळत नाही’ म्हणून परत पाठवलेला माणूस आता नावं जुळवून देतो. (हे वाक्य त्यांच्या परवानगीने.)

आणि तिसरे, ऊसतोड कामगार. दिवाळी झाली की डांग, नंदुरबार, धुळ्याकडून टोळ्या येतात. बारडोली, मढीच्या बाजूला साखर कारखान्यांच्या शेतांकडेला प्लॅस्टिकच्या, पाचटाच्या झोपड्यांचे पडाव उभे राहतात. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता. उन्हाळ्याच्या तोंडाला परत. आपण बारडोलीला लग्नाला जातो तेव्हा ट्रकवर उसाच्या मोळ्यांवर बसलेली ती पोरं आपल्याला दिसतात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमान १९६२ पासून या भागातल्या शेतमजुरांचा अभ्यास करत आले. त्यांनी या माणसांवर पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली. आम्ही गेल्या हंगामात दोन पडावांवर गेलो. गरोदर बायका होत्या, त्यांच्याकडे महाराष्ट्रातलं मराठी कार्ड होतं. इथल्या नर्सबाई ममता कार्डवर काम करतात. कोणती लस कधी दिली हे त्या मराठी कार्डावर नीट लिहिलेलं होतं. वाचून दाखवल्यावर बाईंनी लगेच पुढची नोंद केली. एवढंच काम होतं, वाचून दाखवणं.

पावसाळ्यात दक्षिण गुजरातच्या भात-उसाच्या शेतात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, हे आपल्याला ठाऊक आहे. उंदरांच्या, जनावरांच्या लघवीने दूषित झालेलं पाणी पायाच्या जखमेतून शरीरात जातं. ताप, पिंढऱ्या दुखणं, मग कावीळ, मूत्रपिंड. सुरुवातीला ओळखलं तर साधं अँटिबायोटिक पुरतं. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचं पाणी सोडल्यावर शहर बुडालं, तेव्हा पाणी ओसरल्यानंतरची मोठी धास्ती हीच होती. त्या पुरात आपल्या मंडळातून मदत गेली होती. जुने कपडे पुष्कळ जमले. प्रत्येक पुरात जुने कपडे पुष्कळ जमतात, कारण ते देणाऱ्याच्या कपाटात जास्त झालेले असतात. घेणाऱ्याला त्या वेळी हवं होतं पिण्याचं स्वच्छ पाणी, क्लोरीनच्या गोळ्या, क्षारांची पाकिटं, पायात घालायला गमबूट आणि लवकर दवाखाना. मदत करण्याआधी विचारावं, हे आम्हाला वाटतं तितकं आपल्या अंगवळणी पडलेलं नाही.

आपल्याला याची परंपरा नाही असं कोणी म्हणू नये. सावित्रीबाई फुल्यांचा फोटो आपल्या कार्यालयात आहे, त्याखाली ‘आद्य शिक्षिका’ लिहिलं आहे. ते खरंच. पण त्या गेल्या कशा, हे आपण मुलांना क्वचित सांगतो. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग होता. त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना काढला. सावित्रीबाईंचं वय तेव्हा सहासष्ट. रुग्ण येईल याची त्या वाट बघत बसल्या नाहीत. मुंढव्याच्या वस्तीत पांडुरंग गायकवाड नावाचा मुलगा तापाने फणफणला होता, त्याला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत आणलं. मुलगा वाचला. त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्याच साथीत सरकारने घराघरांत सोल्जर घुसवून रुग्ण ओढून नेले, त्याचा राग पुढे कसा उसळला तो इतिहास सगळ्यांना पाठ आहे. काम दोघांचंही एकच होतं, आजारी माणसाला घरातून उचलून दवाखान्यात आणणं. एकीच्या पाठीवर मूल होतं, दुसऱ्याच्या हातात बंदूक. गणेशोत्सव सार्वजनिक होऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती, हा नुसता योगायोग, पण या मांडवात उभं राहिलं की तो आठवतो.

आता आमच्यातल्या मतभेदांविषयी, कारण ते तुमच्यातही आहेत.

पहिला. काही जण म्हणाले, फक्त मराठी रुग्णांसाठी का? तिथे रांगेत ओडिशाच्या गंजामचा लूम कामगार आहे, बिहारचा आहे, आपला हळपती आहे. आजाराला भाषा नसते. बरोबर आहे. पण आपल्याकडे देण्यासारखी खास गोष्ट कोणती, तर मराठी आणि गुजराती दोन्ही येणारी माणसं. पैसा आपल्यापेक्षा जास्त देणारे या शहरात खूप आहेत. दानात सुरतेचा हात कोणी धरणार नाही. दोन भाषांच्या मध्ये उभी राहू शकणारी माणसं मात्र आपल्याच घरात आहेत. आणि प्रत्यक्षात होतं असं, की आपण एका मावशींचा केसपेपर काढत असतो आणि मागचा ओडिया मुलगा आपला कागद पुढे करून बोटाने विचारतो, कुठे जाऊ? त्याला काय नाही म्हणणार?

दुसरा मतभेद जरा अवघड आहे. आपण इथे तीन-तीन पिढ्या आहोत. कोणी रेल्वेत आलं, कोणी पोस्टात, कोणी महाविद्यालयात शिकवायला. आपली घरं नानपुऱ्यात, अडाजणमध्ये आहेत. बोलता बोलता आपल्या तोंडून ‘ती लिंबायतची मंडळी’ असं निघतं. त्यांच्या मिरवणुकीत डीजे असतो, आपल्याकडे अथर्वशीर्ष. एकांनी तर स्पष्टच विचारलं, हे लोक आपल्या मंडळात येतात कधी, वर्गणी देतात का? आमच्यातल्या शिक्षिकाबाईंनी त्यांना उत्तर दिलं नाही, फक्त विचारलं, तुमचे आजोबा कुठल्या गाडीने आले होते? ते अमळनेरचे. गाडी तीच.

तिसरा पैशाचा. रुग्णाच्या हातात रोख द्यायची नाही, हे आम्ही सुरुवातीलाच ठरवलं. रिक्षाभाडं, बाहेरून आणावी लागणारी एखादी तपासणी, बुडालेली मजुरी, यांपैकी काय द्यायचं यावर मात्र अजून आमचं एकमत नाही. मजुरी द्यावी असं आमच्यातल्या तिघांना वाटतं, कारण माणूस खरा अडतो तो तिथेच. दोघांना वाटतं, एकदा दिली की दर वेळी द्यावी लागेल. दोन्ही म्हणणी खरी आहेत. कार्यकारिणीने ठरवावं.

कामाच्या रीतीही हळूहळू ठरत गेल्या. बाई रुग्ण असेल तर बरोबर बाईच. आदल्या संध्याकाळी फोन, कारण फोन केला नाही तर निम्मी माणसं येत नाहीत. डॉक्टरांसमोर रुग्णाच्या वतीने आपण बोलायचं नाही. तो बोलेल, आपण फक्त जिथे अडेल तिथे शब्द द्यायचा. नाही तर डॉक्टर आपल्याकडेच बघून बोलू लागतात आणि रुग्ण खुर्चीत बसलेलं सामान होतो. गोळ्या कशा घ्यायच्या ते दवाखान्याच्या बाहेर चहा घेताना त्यांच्याकडून परत वदवून घ्यायचं. आणि फोटो काढायचा नाही. यावरून थोडी कुजबुज झाली, कारण स्मरणिकेत फोटो लागतात. पण आजारी माणसाला हातात केळं देऊन कॅमेऱ्याकडे बघायला सांगणं आम्हाला जमणार नाही. स्मरणिकेच्या संपादकांनी त्या पानावर जाहिरात घ्यावी.

आता कार्यकारिणीपुढे आमचा ठराव आहे आणि तो येत्या वार्षिक सभेत मतदानाला येईल. यंदापासून शिबिराचा मांडव, बॅनर, पाहुण्यांचे हारतुरे आणि जेवण यांचा खर्च निम्मा करावा. शिबिर बंद करायचं नाही. पण शिबिरात ज्यांना चिठ्ठी मिळेल, त्या प्रत्येकाचं नाव वहीत राहील आणि सहा महिने त्याच्यामागे आपलं एक माणूस राहील. आठवड्यातून दोन सकाळी, मंगळवार आणि शुक्रवार, आपली दोन माणसं रुग्णालयात असतील. हंगामात महिन्यातून एक रविवार ऊसतोडीच्या पडावावर. यासाठी डॉक्टर असण्याची गरज नाही. मराठी वाचता यावं, गुजराती बोलता यावं आणि रांगेत उभं राहण्याचा कंटाळा नसावा. निवृत्त मंडळींना हे काम उत्तम जमतं. तशीही ती सकाळी बागेत रक्तदाबाचीच चर्चा करत असतात.

आम्हाला तीस माणसं हवी आहेत. आज आमच्याकडे अकरा आहेत. प्रसादाच्या टेबलाशेजारी निळ्या पुठ्ठ्याची वही ठेवली आहे, तीत नाव आणि कोणता वार जमेल ते लिहा. ज्यांना अहिराणी येते त्यांनी नावापुढे तसं जरूर लिहा. भिलोरी, मावची किंवा कोकणी येणारं घरात कोणी असेल तर त्यांचंही नाव घाला, अशी माणसं आमच्याकडे अजून एकही नाही. पहिली बैठक अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी सकाळी दहाला याच सभागृहात आहे. चहा मिळेल, बिनसाखरेचाही.